रेने नावाच्या नऊच जणी

प्रति,
मा. अध्यक्षा,
सणवार व समारंभ समिती,
मराठी शेजार मंडळ,
क्वीन्सटाउन, सिंगापूर.

विषय: व्हॉइड डेकवर लागलेली शर्त अर्जदार रीतसर हरला आहे, हा निकाल कायम ठेवून श्री. प्रताप डोंगरे यांची हरकत फेटाळणेबाबत.

संदर्भ: १) आपल्या सहीचा शर्तनामा, दि. १ जून २०२५.
२) श्री. डोंगरे यांची हरकत, दि. १६ जून २०२५, सोबत एक्सेल शीट.

(गोपनीय. हा अर्ज रजिस्टरला लावू नये. आपल्या स्वयंपाकघरातल्या चकलीच्या डब्यात ठेवावा. तिथे हात घालायची कोणाची हिंमत नाही.)

महोदया,

अर्जदार नंदकुमार ऊर्फ नंदू तिवरेकर, वय ५४, धंदा जहाजांची इंजिनं दुरुस्त करणे आणि सुट्टीच्या दिवशी शेजाऱ्यांची डोकी बिघडवणे, राहणार आपल्याच ब्लॉकचा सातवा मजला, सविनय कळवतो की:

१) रविवार दि. १ जून रोजी ब्लॉकखाली व्हॉइड डेकवरच्या, म्हणजे तळमजल्याच्या मोकळ्या जागेतल्या, बाकांवर, पोहे संपून चहा चालू असताना, दहाव्या मजल्यावरच्या अमेय वैशंपायनने आपल्या महिन्याभराच्या मुलीचं नाव जाहीर केलं. नाव रेने. बारसं पंधरा दिवसांनी, पण सरकारी कागदावर नाव आधीच पडलेलं. एवढं सांगून माणूस गप्प बसला असता तर आपल्याला आज हा अर्ज वाचावा लागला नसता. पण अमेय वन-नॉर्थच्या टेक पार्कात नोकरी करतो, आणि तिथली माणसं 'बसा' म्हणायलासुद्धा स्लाइड लावतात. त्याने पिशवीतून टॅब काढला.

पहिली स्लाइड अशी की नाव फ्रेंच, फ्रेंचांनी ते लॅटिनमधून उचललेलं, अर्थ 'पुन्हा जन्मलेली'. मुलगा असो की मुलगी, ऐकायला सारखंच. दुसऱ्या स्लाइडवर एक संत होता. आँजे नावाच्या गावी म्हणे एक मूल बाप्तिस्मा व्हायच्या आत गेलं, बिशप प्रार्थनेत गुंतला म्हणून उशीर झाला. बिशप पश्चात्तापाने गाव सोडून गेला, सात वर्षांनी परतला, थडग्यापाशी रडत बसला, आणि मूल उठलं. म्हणून त्याचं नाव रेने. तिसऱ्या स्लाइडवर आलेख होता. शंभर वर्षांपूर्वी फ्रान्सात गल्लोगल्ली हेच नाव, आणि आता तिथे ते म्हाताऱ्याकोताऱ्यांचं राहिलंय.

अर्जदाराने साधा प्रश्न विचारला, "म्हणजे पोरीचं नाव तू ठकूबाईच ठेवलंस, फक्त विमानाने आणलंस. बरोबर ना?"

बाकावरचे सगळे हसले. आपणही हसलात, कपाने तोंड झाकलं होतं पण खांदे हलत होते. अमेयचे कान लाल झाले. तो म्हणाला, "काका, क्लासिक आहे ते. आणि रेअर आहे. अख्ख्या क्वीन्सटाउनमध्ये दुसरी रेने सापडायची नाही तुम्हाला."

अर्जदार म्हणाला, "दुसरी कसली, दहा आणतो. बारशाच्या दिवशी इथे रांगेत उभ्या करतो."

"आणा."

"आणल्या तर तुझे आबा म्हणतात ते नाव ठेवायचं. मैत्रेयी. कागदावरसुद्धा."

"ठेवतो. आणि नाही आणल्यात तर?"

याचा निर्णय आपण दिलात. बारशात कानात कुर्रर्र झालं की आत्याच्या पाठीत धपाटे घालायची आपली रीत आहे. अर्जदार हरला तर आत्याच्या जागी अर्जदाराने डोक्यावर पदर घेऊन वाकायचं, आणि हजर असलेल्या प्रत्येकाने एकेक धपाटा घालायचा. शर्तनामा आपण हळदीकुंकवाच्या उरलेल्या पत्रिकेच्या पाठीवर लिहिलात. त्या वेळी अमेयची बायको गार्गी लिफ्टपाशी पोरीला घेऊन उभी होती. ती नवऱ्याकडे बघत राहिली. अर्जदाराला ते दिसलं होतं. दिसूनही न दिसल्यासारखं करणं ही अर्जदाराची जुनी विद्या आहे, आणि ती पुढे या अर्जात कामाला येणार आहे.

२) शर्तीच्या आधी आणि नंतर अर्जदाराने वैशंपायन कुटुंबाची जी यथेच्छ टिंगल केली, ती लपवायचं कारण नाही, कारण सगळी ग्रुपवर आहे. अमेयला 'मस्यू', म्हणजे फ्रेंचांचे श्रीयुत, वैशंपायन अर्जदारानेच म्हणायला सुरुवात केली. बाराव्या दिवसाचं बारसं दीड महिन्यावर गेलं, तेव्हा 'फ्रान्सहून पाळणा यायचाय' हा मेसेज अर्जदाराचाच. आणि त्याआधी मे महिन्यात बाळ-बाळंतीण तीन आठवडे घरी आली नव्हती, तेव्हा तर अर्जदाराने कळस केला. इथे पैसेवाल्या घरांत बाळंतिणीला महिनाभर हॉटेलसारख्या सेंटरमध्ये ठेवतात, तीन वेळा सूप आणि पायांना मालिश. अर्जदाराने सगळ्यांना सांगितलं की अमेयने बायकोला तिकडे टाकलंय, घरच्या डिंकाच्या लाडवांना आता कोणी हात लावणार नाही. अमेयने कधी नाही म्हटलं नाही. नुसता हसला. अर्जदाराला वाटलं, पकडला गेला म्हणून हसतोय.

एवढ्यावर न थांबता अर्जदाराने पुण्याला आबांना, म्हणजे दीनानाथ वैशंपायनांना, फोन लावून सांगितलं की नातीचं नाव एका ख्रिस्ती संतावरून ठेवताहेत. आबांनी त्या दिवसापासून मुलाचा व्हिडिओ कॉल घेणं बंद केलं. ही गोष्ट अर्जदाराने मोठ्या फुशारकीने चार ठिकाणी सांगितली आहे. ज्या चार ठिकाणी सांगितली त्यांनी ती विसरावी, अशी वेगळी विनंती तोंडी करीन.

३) आता शोधाबद्दल. अमेयचं रेअर नाव शोधायला अर्जदाराला घाम गाळावा लागला नाही. सोमवारी दुपारी हॉकर सेंटरमध्ये ऐन जेवणाच्या गर्दीत अर्जदार स्वतःचाच मोबाइल हातात उंच धरून ओरडला, "रेने, युअर फोन!" चार माना वळल्या. एक म्हातारी चिकन राइस सोडून उठलीसुद्धा. चौघींपैकी एकीने खोटंच नाव सांगितलं होतं, तिला फोन आवडला होता. बाकीच्या तिघी खऱ्या. चौथी सापडली आपल्याच लिफ्टमध्ये, दुसरीतली मुलगी, आईने दप्तरावर नाव चिकटवलेलं. पाचवी आणि सहावी अमेयच्याच ऑफिसात, त्याच्याच मजल्यावर, एक त्याच्या पाठीमागच्या टेबलाला. म्हणजे रेअर म्हणणाऱ्या माणसाने मान वळवायचे कष्टही घेतले नव्हते. सातवी पियानो शिकवते, आठवी पॉलिक्लिनिकच्या काउंटरवर आहे. नववा एक टॅक्सीवाला, बासष्ट वर्षांचा. आजी फ्रेंच मिशनऱ्यांच्या शाळेत शिकली म्हणून नातवाचं नाव रेने.

टॅक्सीवाल्यावर अमेयने आक्षेप घेतला होता की तो पुरुष आहे. तेव्हा अर्जदाराने आपल्यापुढे पाऊण तास बोलून सिद्ध केलं की शर्त नावाची आहे, बाईची नाही. आपण ते मान्य केलंत. सगळ्या नऊ जणांनी येण्याचं कबूल केलं. त्यात अर्जदाराचा पराक्रम काही नाही. रविवार, फुकट जेवण, श्रीखंड-पुरी आणि बटाटेवडे. या गावात एवढ्यावर माणूस स्वतःच्या नावाचा मोर्चासुद्धा काढेल.

४) गुरुवार दि. १२ जून रोजी अर्जदार गुडघा दाखवायला नोव्हेनाच्या हॉस्पिटलात गेला होता. लिफ्टमध्ये शेजारी एक नर्स, छातीवर पट्टी: रेने. अर्जदाराने डॉक्टरच्या दाराशी पोचायच्या आधी ग्रुपवर टाकलं, 'दहावी सापडली. मैत्रेयी पक्की.' वेळ चार वाजून सहा मिनिटं. श्री. डोंगरे यांनी हरकतीत लावलेला स्क्रीनशॉट खरा आहे.

मग अर्जदाराने त्या नर्सला रविवारचं आमंत्रण दिलं. ती हसली आणि म्हणाली, "अंकल, आय ऑलरेडी गोइंग लाह. द बेबीज् आंटी आस्क मी." बाळाची आत्या म्हणजे अमेयची बहीण जाई. तीही नोव्हेनालाच एका लॅबमध्ये कामाला आहे. अर्जदाराला संशय आला की भाऊबहीण मिळून आपलीच दहावी रेने पळवताहेत. लंगडत जाऊन अर्जदाराने जाईला कॅन्टीनमध्ये गाठलं आणि जाब विचारला.

जाईने आधी चहा मागवला. मग म्हणाली, "नंदूकाका, ओरडू नका, इथे सगळे मला ओळखतात. पोरीचं नाव दादाने पुस्तकातून नाही काढलेलं. त्या नर्सचंच आहे ते."

पोर जन्मली तेव्हा रडली नाही. सहा मिनिटं. हीच नर्स होती. सहा मिनिटांनंतर रडली, तेही एवढंसं. पुढचे एकवीस दिवस काचेच्या पेटीत. गार्गी त्या पेटीपाशी खुर्ची टाकून बसायची. अर्जदार त्याच दिवसांत ग्रुपवर सूप आणि मालिश लिहीत होता. तिसऱ्या दिवशी अमेयने त्या नर्सला नाव विचारलं, बाहेरच्या बाकावर बसून मोबाइलवर अर्थ शोधला, आणि जाईला फक्त अर्थ फॉरवर्ड केला. दुसरं काही लिहिलं नव्हतं.

अर्जदाराने विचारलं, "मग सांगायचं ना गाढवाने. स्लाइडा कशाला?"

जाई म्हणाली, "दादाला खोटं बोलता येत नाही, म्हणून स्लाइडा. आबांच्या बायपासला तीन महिने झालेत, त्यांना यातलं काही माहीत नाही. आणि वहिनीला कोणालाच कळायला नकोय. कळलं की जो तो पोरीकडे 'हीच ती' म्हणून बघणार. तिला ती नजर नकोय."

"आणि शर्त कशाला घेतली त्याने?"

"तुम्ही काढलीत म्हणून. सगळ्यांसमोर."

यावर अर्जदाराने चहा घेतला. चहा बेकार होता.

५) दि. १५ रोजी बारसं झालं. जाईने पोरीच्या कानात नाव सांगितलं. नंतर आपण शर्तनामा हातात घेऊन रांग मोजायला सांगितलीत. अर्जदाराने मोजली. नऊ. श्री. डोंगरे मागून ओरडले, "अरे ती बघ, पाळण्यापाशी उभी आहे ती, तीही रेनेच आहे. दहा झाल्या." अर्जदार म्हणाला, ती पाहुणी आहे. आपण अर्जदाराकडे जरा जास्तच वेळ बघितलंत, चष्मा पुसलात, आणि नऊ लिहिलंत. त्या क्षणी प्रकरण संपायला हवं होतं.

पण श्री. डोंगरे यांच्याकडे एक्सेल आहे, आणि ज्याच्याकडे एक्सेल असतं त्याला दुसऱ्याचं मोजणं सहन होत नाही. त्यांनी दुसऱ्याच दिवशी हरकत घेतली. हरकतीचा गाभा असा की 'नंदू तिवरेकर आजवर एकही शर्त हरलेला नाही, सबब हरण्यामागे त्याचा काहीतरी डाव आहे.' वीस वर्षांच्या दोस्तीनंतर माणसाने माणसाला एवढं ओळखावं ही आनंदाची गोष्ट आहे. पण नेमकी आत्ता नको होती.

याहून वाईट म्हणजे अमेय. काल लिफ्टमध्ये म्हणाला, "काका, समिती दहा म्हणाली तर मी नाव बदलीन. शब्द दिलाय." नाव बदलायचा फॉर्म त्याने भरून मोबाइलवर तयार ठेवलाय, बटण दाबायचं बाकी आहे. हे गाढव खरंच दाबेल. अर्जदाराने जन्मभर बेइमान माणसांशी व्यवहार केला, बंदरात दुसरी मिळत नाहीत, त्यांना कसं वाकवायचं ते माहीत आहे. इमानदार माणसाचं काय करायचं असतं ते अर्जदाराला कोणी शिकवलेलं नाही. म्हणून आपल्याकडे आलो.

६) तरी हरकतीला अर्जदाराचं उत्तर पुढीलप्रमाणे.

शर्तनाम्यात 'नंदू आणेल त्या दहा' असे शब्द आहेत. नोव्हेनाच्या पाहुणीला जाईने आणलं, एमआरटीच्या स्टेशनवर घ्यायलाही तीच गेली. अर्जदाराने आणलेली नाही.

एवढ्याने भागत नसेल तर टॅक्सीवाल्याला वगळावं. तो पुरुष आहे. अर्जदाराने आपल्यापुढे पाऊण तास जो युक्तिवाद केला तो भंपक होता, आणि आपल्यासारख्या तीस वर्षं मुख्याध्यापिका असलेल्या बाईंनी तो कसा मानला याचं अर्जदाराला तेव्हाही नवल वाटलं होतं.

तेही पुरेसं नसेल तर दुसरीतली मुलगी वगळावी. ती रांगेत उभी होती, पण सबंध वेळ बटाटेवड्याकडे बघत होती, म्हणजे मनाने हजर नव्हती.

स्क्रीनशॉटबद्दल असं की त्या दिवशी अर्जदाराच्या गुडघ्यात इंजेक्शन मारलं होतं, त्याचा परिणाम डोक्यावर झाला. मेसेज इंजेक्शनच्या आधीचा आहे, हे श्री. डोंगरे दाखवून देतील. तेव्हा परिणाम आधीच सुरू झाला होता, असं समजावं.

आणि वरचं काहीच पटत नसेल तर अर्जदाराच्या शब्दाला किंमत देऊ नये, ही अर्जदाराचीच विनंती आहे. लिफ्टची वजनचाचणी असल्याची खोटी नोटीस लावून दोन वर्षांपूर्वी सगळ्या ब्लॉकला लिफ्टमध्ये उड्या मारायला लावणारा माणूस अर्जदारच. श्री. डोंगरे यांना 'आदर्श रहिवासी' म्हणून मंत्र्यांच्या हस्ते सत्कार असल्याचं पत्र आलं आणि ते सूट घालून दोन तास खाली उभे राहिले, तेही पत्र अर्जदाराचं. हे त्यांना आजवर माहीत नाही. गरज पडली तर सांगावं. असल्या माणसाने 'दहावी सापडली' लिहिलं तर ते पुरावा म्हणून कसं धरता येईल?

७) नावाबद्दल अर्जदाराचं मत बदललेलं नाही. रेने हे नाव फ्रान्सात म्हाताऱ्यांचं, इथे घाऊक आणि पुण्यात कोणाला नीट म्हणता न येणारं आहे. संताची गोष्ट अर्जदाराला भाकड वाटली होती. तिच्याबद्दल मात्र आता काही म्हणायचं नाही. आबांना अर्जदाराने काल पुन्हा फोन केला आणि सांगितलं की संताबिंताचं काही नाही, मीच चेष्टा केली, तुमची नात तुमच्यासारखीच हट्टी आहे. त्यांनी अर्जदाराला ज्या शिव्या दिल्या त्या अर्जात लिहिण्याजोग्या नाहीत, पण दम चांगला होता, तब्येत ठीक वाटली. नंतर त्यांनी अमेयचा कॉल घेतला. नाव त्यांना म्हणता येत नाही, 'रेणू' म्हणाले. चालेल.

तरी नऊचा आकडा कायम करावा, दहावीची चौकशी करू नये, आणि निकाल आज संध्याकाळपर्यंत अमेयला कळवावा. तो पोरगा मोबाइल हातात घेऊन बसलाय.

८) राहता राहिला शेवटचा पुरावा. जिंकलेला माणूस मार खात नाही, आणि अर्जदाराने रविवारी व्हॉइड डेकवर सगळ्यांसमोर खाल्लेला आहे. बायकोची, म्हणजे प्रेमाची, मोरपंखी साडी खांद्यावरून घेऊन, पदर डोक्यावर ओढून, हात गुडघ्यांवर टेकून अर्जदार पाळण्यापुढे वाकला. शेजारच्या ब्लॉकमधली चिनी आणि मलय मंडळीही गॅलऱ्यांतून बघत होती. पहिला धपाटा आपला, तो शाळेतला होता. प्रेमाने संसाराचा हिशेब एकाच हाताने केला. टॅक्सीवाला 'सॉरी आह अंकल' म्हणून घालत होता. अमेयचा हात कापसासारखा लागला, तेव्हा अर्जदार पदराआडून म्हणाला, "नीट मार रे, मस्यू," मग त्याने नीट मारला. गार्गी पोरीला घेऊन आली आणि तिची एवढीशी मूठ धरून अर्जदाराच्या पाठीवर टेकवली. सगळे हसले. पोर रडायला लागली, चांगली खणखणीत, व्हॉइड डेक दणाणून गेलं, आणि ते रडणं थांबवायची गार्गीला काही घाई दिसली नाही.

श्री. डोंगरे स्वतः मोजत होते. त्यांच्या शीटवर अठ्ठेचाळीस आहेत, आणि हजर माणसंही, अर्जदार सोडून, अठ्ठेचाळीसच. त्यानंतर एक हात अर्जदाराच्या पाठीवर आला. मारला नाही, जरा वेळ नुसता ठेवला आणि उचलला. तो कोणाचा होता ते अर्जदाराला सांगता येणार नाही. अर्जदार वाकलेला होता.

आपला हरलेला आणि अजून पालथा झोपणारा,

(सही)
नंदकुमार तिवरेकर
क्वीन्सटाउन, दि. १७ जून २०२५

सोबत: १) अर्जदाराच्या पाठीचा फोटो, रविवार संध्याकाळचा.
२) अर्जदाराच्या गैरवर्तनाचा दाखला, पत्नीच्या सहीचा, पानं तीन. चौथं ती लिहिते आहे.